चिकटलेला वॉशर

लेकीने गाडीखाली पाठीवर पडल्या पडल्या दात तपासायचा आपला छोटा आरसा ऑइलच्या भोकाजवळ धरला आणि म्हणाली,

"बाबा, इथे आणखी एक आहे."

"आणखी एक काय?" नाना बाहेर खुर्चीवरून म्हणाले.

"वॉशर."

"नसणार. वॉशर बोल्टवर असतो, आणि बोल्ट माझ्या हातात आहे."

"हा वेगळा. ऑइलच्या चेंबरलाच चिकटून बसलाय, चांगला किटण चढलेला. थांबा, खरवडते."

लेक दातांची डॉक्टर. नानांची पाठ धरली नसती तर गाडीचं ऑइल बदलायला त्यांनी तिलाच काय, कुणालाच खाली शिरू दिलं नसतं. सकाळपासून ते तिला एवढ्या सूचना देत होते की तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर पाना टाकून निघून गेलं असतं. आता गाडीखालून खरवडण्याचा आवाज आला आणि नानांच्या स्वतःच्याच दाढेतून कळ गेली. मग टण्‌ करून काहीतरी घमेल्यात पडलं.

लेकीने तांब्याची ती चकती बाहेर सरकवली आणि नानांनी हातातला बोल्ट मांडीवर ठेवला.

ऑइल बदलताना वॉशर दर वेळी नवा हवा, एकदा दबलेलं तांबं पुन्हा नीट बसत नाही, हे नानांनी अख्ख्या इमारतीला ऐकवलं होतं, ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही त्यांनाही. गेल्या खेपेला त्यांनी स्वतःच्या हाताने नवाकोरा वॉशर घातला होता. जुना तेवढा बोल्टबरोबर निघाला नव्हता. पडला असेल घमेल्यात, म्हणून त्यांनी सोडून दिलं. काळ्या तेलात हात कोण घालणार? तो बिचारा वरच चिकटून राहिला, नवा त्याच्यावर चढला, आणि दोघांचं काही जमलं नाही. थेंब थेंब गळत राहिलं.

लेक सरपटत बाहेर आली. तिने फरशीकडे पाहिलं. गाडीखालून निघालेला काळा ओघळ उतारावरून शेजारच्या रिकाम्या जागेत जाऊन चांगला परातीएवढा पसरला होता. ती जागा मास्तरांच्या स्कूटरची.

"म्हणजे मास्तरकाकांची स्कूटर..."

"हळू बोल."

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत की हो, बाबा."

आता गाडीच्या बाबतीत नानांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डाग स्कूटरचाच, असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, त्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी स्कूटरखाली पत्र्याचा ट्रे ठेवला, तो कोरडाच राहिला. नाना म्हणाले, स्कूटर लबाड आहे, ट्रे काढल्यावर गळते. शेवटी मास्तरांनी ती फाटकाबाहेर उन्हात नेऊन लावली. तरी डाग वाढतच होता. नाना म्हणाले, फरशीत मुरलेलं तेल वर येतंय. हेही लोकांनी मानलं.

तेव्हापासून मास्तर संध्याकाळी आवारातल्या बाकावर यायचे बंद झाले. फुगलेत, उतरतील आपोआप, असं नाना घरात म्हणत. पण भांडायला मास्तर नसले की संध्याकाळ त्यांना खायला उठायची. तेवढं मात्र ते कुणाला बोलले नव्हते.

"नवा लाव आता," नाना म्हणाले. "एकच."

"लावते. पण डाग थांबला की लोक विचारतील ना, कसा थांबला?"

"मुरलेलं तेल संपलं म्हणून सांगू."

रोज दोनदा दात घासतो म्हणणाऱ्या पेशंटकडे ती बघायची, तशी तिने त्यांच्याकडे बघितलं. नाना पाठ धरून उठले आणि फाटकाकडे निघाले.

मास्तर ओल्या फडक्याने स्कूटरची सीट पुसत होते. उन्हाने तिला तडे गेले होते. मास्तर चिडतील, वाटेल ते बोलतील, याची नानांनी तयारी केली होती. एकदोन उत्तरंही जुळवून ठेवली होती, सवयीने.

"बरं झालं आलात, नाना," मास्तरच आधी बोलले. "मला तोंड दाखवायला जागा नव्हती."

"तुम्हाला?"

"इंजिन उघडून घेतलं मी. मेकॅनिक म्हणाला, थेंब गळत नाही. दुसऱ्याला दाखवलं, तोही तेच म्हणाला. पण तुम्ही म्हणालात म्हणजे कुठेतरी गळत असणारच. एवढी चांगली फरशी खराब केली मी. माफ करा."

नानांच्या मनात आलं, नुसतं 'असू द्या, मास्तर' म्हटलं की झालं. स्कूटर सावलीत येईल, मास्तर बाकावर येतील, आणि आपला शब्दही शाबूत राहील. कुणाचं काही जात नव्हतं.

"असू..." नानांनी सुरुवात केली. तेवढ्यानेच मास्तरांचा चेहरा इतका निवळला की नानांना स्वतःची शरम वाटली.

"मास्तर, स्कूटर गळत नाही तुमची."

"दुरुस्त झाली म्हणता?"

"कधी गळतच नव्हती. माझी गाडी गळत होती. नवा वॉशर घालण्याआधी जुना निघाला की नाही ते बघायचं असतं. एका गाढवाने बघितलं नाही."

"कुठला मेकॅनिक होता?"

"मेकॅनिक नव्हता. मीच."

मास्तरांनी फडक्याची घडी घातली. ती उलगडून पुन्हा घातली.

"बोला काहीतरी," नाना म्हणाले. "दोन शिव्या तरी द्या."

"थांबा." मास्तरांनी वर आपल्या खिडकीकडे मान वळवली. "अगं, जरा खाली ये. नानांना काहीतरी सांगायचंय."

"वहिनींना कशाला?"

"ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, नानांचीच गाडी गळतेय. मी तिला म्हटलं, तुला गाड्यांतलं काय कळतं. चांगलं तोडून बोललो." मास्तर खाली बघत म्हणाले. "आता माझ्याने तिला सांगवणार नाही. तुम्हीच सांगा."

जिन्यात चपला वाजू लागल्या.

"आणि जरा मोठ्याने सांगा हं, नाना. तिला हल्ली कमी ऐकू येतं."

पहिल्या मजल्यावर एक खिडकी उघडली, मग वरच्या मजल्यावर आणखी एक. नाना कमरेवर हात ठेवून जमेल तेवढे ताठ झाले आणि त्यांनी घसा खाकरला.