वाखाणलं की दिलं

"काय सुंदर चित्र आहे रे, सेरोब," वार्सेनिक म्हणाली, आणि सेरोब न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालाशी अधांतरी थांबला.

"कुठलं, वहिनी?" त्यानं साळसूदपणे विचारलं.

"आरशाशेजारची निळी गाय. नजर हटत नाही बघ."

 आर्मेनियातल्या ग्युम्रीत पाहुण्यानं वस्तू वाखाणली, की ती काढून त्याच्या हातात ठेवायची. न देणाऱ्याचं नाव गावभर होतं, आणि आमच्या गावात एकदा झालेलं नाव नातवंडांनाही पुसता येत नाही.

"घ्या," सेरोब सुस्कारला. "हमायाकनं मला अशीच दिली होती. मी आपलं सहज म्हणालो, गाय बरी जमलीय."

"खोटारड्या, तुला चौकट आवडली होती," वार्सेनिक म्हणाली.

वार्सेनिकचा नवरा हमायाक चित्रकार थोर, व्यवहारात मात्र भोपळा. त्यानं चुलीचं चित्र काढलं, तेव्हा शेजारचं मांजर हिवाळाभर त्यासमोर झोपलं. मी पाहिलेलं नाही, पण मांजरानंही कधी नाकारलं नाही. एकदा पोस्टमननं दारावरचं कोरीवकाम वाखाणलं, तर ह्यानं बिजागऱ्या काढून दारच दिलं. ती थंडी नवराबायकोनं गालिचा टांगून काढली.

"एखादं विकावं रे," लवाशच्या रोट्या भाजून भाजून कोपरापर्यंत लाल झालेली वार्सेनिक म्हणायची.

"विकू कसं? किंमत विचारायच्या आधीच लोक छान म्हणतात."

तो गेला तेव्हा भिंतींवर नुसते खिळे उरले. मग पालिकेची नाइरा आली. घर पालिकेचंच.

"इथं त्यांचं संग्रहालय करायचं म्हणतोय, बाई. तुम्हीच सांभाळा. पण पानगळीपर्यंत एकही खिळा रिकामा दिसता कामा नये, नाहीतर जागा दारूच्या दुकानाला जाईल."

"चित्रं विकत घ्यायला पैसे देता?"

"पालिका? चेष्टा करताय का?"

तेव्हा वार्सेनिक नवऱ्यामागं पहिल्यांदा खदखदून हसली. ज्या वाटेनं चित्रं गेली, त्याच वाटेनं तिनं ती परत आणायची ठरवली. डोक्याला रुमाल बांधून, ताजी गोड गाता-रोटी भाजून ती पाहुणी म्हणून दारोदार निघाली. सुरुवात सेरोबच्या निळ्या गाईपासून झाली. खाटकाच्या बायकोनं लोणच्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलेला अख्खा डोंगर मिळाला. दातांच्या डॉक्टरनं तिची चाहूल लागताच चित्रावर पलंगपोस टाकला. तिनं पलंगपोस वाखाणला. तो देताना खालचं चित्र उघडं पडलं, मग तेही वाखाणलं.

राहिला दर्शनी भिंतीवरचा मोठा खिळा. त्यावरचं चित्र तोर्गोम गवंड्याकडं होतं. त्याची बायको शोगिक भूकंपात गेली, आणि ढिगाऱ्यात तिचा एक फोटोसुद्धा उरला नाही. हमायाकनं तिला आठवणीतून रंगवलं होतं. तोर्गोमनं ते पाहून कसाबसा "छान" एवढा एकच शब्द काढला होता.

"हमायाकचं सगळ्यात चांगलं चित्र तेच," नाइरानं बजावलं होतं. "मोठा खिळा त्याच्याचसाठी."

वार्सेनिक गेली, तर तोर्गोम दाढी करून, लग्नातला कोट घालून बसलेला. चौकट पुसून लख्ख केलेली. चित्रातली शोगिक जर्दाळू सोलत कुणाला तरी चिडवत होती.

"वाटच पाहत होतो, वार्सेनिक जान," तो कॉफी ओतत म्हणाला. "बोलून टाक. मी सकाळीच निरोप घेतलाय तिचा."

वार्सेनिकनं चित्राकडं पाहिलं. मग कोटाकडं. मग बराच वेळ कपात.

"कॉफी छान झालीय," ती म्हणाली.

"आणि?"

"आणि काय? भांडं तुझं चांगलंय. असं पितळ हल्ली मिळत नाही."

तोर्गोम तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं ते लांब दांड्याचं भांडं धुऊन, बाहीनं पुसून तिच्या हातात दिलं. 

संग्रहालय उघडलं त्या दिवशी नाइरा दर्शनी भिंतीपाशी थबकली.

"बाई, हे कॉफीचं भांडं?"

"खिळा रिकामा आहे का?"

"नाही, पण चित्र?"

"ते त्याच्या स्वतःच्या घरी आहे."

नाइरानं इकडंतिकडं पाहिलं, आणि भांडं वाखाणायला उघडलेलं तोंड शहाण्यासारखं मिटलं.

आता रोज दुपारी तोर्गोम लग्नातला कोट घालून येतो, भांडं खिळ्यावरून काढतो, दोघांपुरती कॉफी करतो आणि धुऊन परत टांगतो. बाहेरगावचे पाहुणे त्या भिंतीपुढं मान तिरकी करून उभे राहतात. भांड्यातून एखादा थेंब गळतो, त्याला जमिनीवर वार्सेनिकनं बशी ठेवली आहे.