उलटा भांग

अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणं हा आमच्या बाबांचा धंदा, आणि त्यात आम्ही दोघी बहिणी. रडणारे धाकटीच्या वाट्याला, गेलेले माझ्या. ती पुढच्या खोलीत पाण्याचा पेला पुढे करणार आणि आवाजात साखर घोळून म्हणणार, "घाई नाही. वेळ घ्या." मी मागच्या खोलीत बावीस वर्षं आंघोळी घालतेय, दाढ्या करतेय, नखं कापतेय, भांग पाडतेय. आणि आभाराची पत्रं कुणाला? धाकटीला! वर लोक मलाच येऊन सांगतात, "तुमच्या बहिणीनं किती धीर दिला हो!" कष्ट माझे, कौतुक तिचं. आग लागो त्या गोड जिभेला.

एक गोष्ट मात्र मी मनाशी धरून होते. बाबा गेले की त्यांची तयारी मी करणार. तिथे तिची साखर कामाची नव्हती.

मंगळवारी बाबा गेले. टेबलाच्या खणात त्यांचा फॉर्म निघाला, आम्ही सगळ्यांकडून भरून घेतो तोच. कपडे: राखाडी कोट. फुलं: नकोत. तयारी कोण करेल: धाकटी.

मी तीनदा वाचलं. अक्षर बाबांचंच होतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई, तूच कर ना," धाकटी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मी कशाला? तुझं नाव लिहिलंय ना? मग कर की!"

ती आत गेली. मी दाराच्या फटीतून बघत राहिले, खोटं कशाला बोलू. कुठे चुकते तेवढंच मला बघायचं होतं. पण दाढी तिनं बरी केली. हात थरथरत होते, तरी कुठे कापलं नाही. कोटाची बटणंही नीट लावली. मग आमच्या पद्धतीप्रमाणे फोटो समोर ठेवून ती भांग पाडायला लागली, आणि मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तो फोटो बाबांनी मोबाइलवर स्वतःच काढलेला. असा फोटो आरशासारखा उलटा येतो. त्यावरून भांग पाडायचा नसतो, हे मी एकदा चूक करून शिकले होते. तिला कोण शिकवणार? बाबांचा भांग जन्मभर डावीकडून, हिनं पाडला उजवीकडून.

माझा एक शब्द पुरला असता. मी तोंड मिटून घेतलं. एकदा चारचौघांत कळू दे म्हटलं, कुणाचं काम काय असतं ते.

दुसऱ्या दिवशी दहाला लोक जमले. सगळ्यांत आधी आला कोपऱ्यावरचा न्हावी, तीस वर्षं बाबांचे केस कापणारा. शवपेटीपाशी वाकला आणि बोललाच, "अहो, हे आमचे साहेब वाटतच नाहीत. भांग उलटा पडलाय!"

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. "ताई..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. याचीच तर मी वाट बघत होते. कंगवा सकाळपासून माझ्या खिशातच होता. तो काढला, ताठ मानेनं पुढे झाले आणि बाबांच्या केसांना हात लावला.

केसांखाली कपाळावर एक जुना व्रण होता. लहानपणी मी फेकलेल्या चेंडूनं झालेला. हजारो भांग पाडलेला माझा हात तिथेच अडकला. काही केल्या हलेना. कंगवा खाली पडला.

म्हणजे माझ्याच्यानं हे व्हायचं नाही, ते बाबांना आधीच ठाऊक होतं.

धाकटीनं कंगवा उचलला. मला दंडाला धरून घरच्यांच्या खुर्चीत बसवलं. बावीस वर्षांत त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. पाण्याचा पेला समोर आला.

"फोटो उलटा होता ते मला माहीत होतं," मी म्हणाले. "मुद्दाम नाही सांगितलं तुला."

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. माझ्या पाठीवर हात ठेवला.

"घाई नाही, ताई. वेळ घे."

तोच आवाज, तीच साखर. लोक पत्रं का लिहितात ते मला तेव्हा कळलं. आणि मेलं माझं मन, तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला. थरथरत का होईना, तिचा हात बाबांना लागत होता.

ती पेटीपाशी जाऊन थांबली, माझ्याकडे बघत.

"डावीकडून," मी कसंबसं म्हणाले, आणि मला रडू फुटलं.