माझी फळी निघाली ते बरेच झाले

मी एक जुनी खुर्ची आहे. पण मित्रांनो, तुम्ही माझ्यावर बसायला जाल तर अडकून बसाल, कारण मी लहान मुलांना भरवायची उंच खुर्ची आहे. माझे पाय लांबच लांब आणि बैठक एवढीशी. या घरातल्या आईचे मामा सुतार होते, त्यांनी मला घडवले. भाचीला मूल होणार हे कळताच त्यांनी जपून ठेवलेले चांगले लाकूड बाहेर काढले आणि महिनाभर माझ्यावर रंधा चालवला. माझा एकेक कोपरा ते स्वतःचा गाल लावून तपासत. टोचला की पुन्हा घासत.

माझ्यापुढे त्यांनी एक फळी बसवली. वाटी सरकू नये म्हणून तिच्यात गोल खोलगट जागा केली आणि बाजूला पितळेची खिट्टी लावली. त्या फळीचा मला भारी तोरा होता. खुर्च्या काय, पायलीच्या पन्नास मिळतात. पण स्वतःचे टेबल अंगावर घेऊन उभी राहणारी मीच! मला घरी पोचवताना सुतारमामा आईला म्हणाले होते, "मूल वर्षाचं झालं ना, की ही फळी काढून टाक आणि हिला सरळ तुमच्या टेबलाला लाव. उंची मोजूनच केलीय मी." आई तेव्हा बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिने "हो हो मामा" केले आणि विसरून गेली. मी मात्र विसरले नव्हते.

पहिल्यांदा माझ्यावर दादा बसला. तो असा खादाड की वाटी संपल्यावर फळीही चाटायचा. त्याचे श्रेय सगळे मला देत. "खुर्चीचा पायगुण चांगला आहे हो," असे पाहुणे म्हणत आणि मी चारही पायांनी खूश होई. पुढे दादा मोठा झाला आणि माझी रवानगी गच्चीवर झाली. तिथे माझ्यावर ओले मोजे वाळत घालू लागले. त्या वर्षांबद्दल मी जास्त बोलत नाही.

मग ढब्बू आली आणि मला पुन्हा खाली आणले. जन्मली तेव्हा गुबगुबीत होती, म्हणून दादाने तिचे नाव ढब्बू ठेवले. दीड वर्षाची होईपर्यंत नाव तेवढे उरले आणि पोर काडी झाली. दोन घास खाल्ले की ती तोंड घट्ट मिटून घेई. डॉक्टरीणबाईंनी वजन केले आणि सांगितले, की दोन महिन्यांनी पुन्हा करू, वाढले नाही तर तपासण्या कराव्या लागतील. आईने तो कागद फ्रिजवर चिकटवला. त्या दिवसापासून जेवणाची वेळ झाली की आईचे डोळे आधी त्या कागदाकडे जात.

आई चष्म्याच्या दुकानात काम करी. संध्याकाळी घरी आली की पर्ससुद्धा न ठेवता ती ढब्बूला माझ्यात बसवून फळीची खिट्टी लावी. समोर भिंत, भिंतीला टेकवलेला मोबाइल आणि मोबाइलमध्ये नाचणारी माकडे. ढब्बू माकडे बघे, तिचे तोंड आपोआप उघडे आणि आई पटकन चमचा आत सारे. "अजून एक. हा शेवटचा. बरं, हा अगदी शेवटचा." असे तिचे शेवट दहा-बारा तरी होत. बाकीचे मागाहून जेवत. दादा टीव्हीपुढे, शाळेची बस चालवणारे बाबा ती लावून आले की एकटे टेबलावर आणि आई ओट्यापाशी उभ्याउभ्या, ढब्बूच्या वाटीत उरलेला गार भात.

एका संध्याकाळी मोबाइलची बॅटरी संपली. माकडे गेली आणि ढब्बूने तोंड मिटले. आईने आधी लाडाने सांगितले, मग आवाज चढवला, मग गाल दाबून चमचा आत घातलाच. ढब्बूला जोराची उलटी झाली. सगळे माझ्यावर, फळीवर आणि आईच्या दुकानात नेसायच्या साडीवर. आईने रागाच्या भरात फळी अशी खेचली की खिट्टी तुटून फरशीवर टणटणत गेली. मग तिनेच ढब्बूला उचलून धुतले, कुशीत घेतले आणि जमिनीवर बसून ती रडू लागली.

"मी काय करतेय हे तिला?" एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मित्रांनो, आता एक कबुली देते. फळी काढायची वेळ केव्हाच होऊन गेली होती आणि ते मला माहीत होते. मला वाचा नाही, हे खरे. पण वाचा असती तरी मी मूग गिळून बसले असते, कारण फळी गेली की माझा तोरा गेला. त्या संध्याकाळी आईचे रडणे ऐकून मला माझी फार लाज वाटली.

बाबा आले. त्यांनी सुतळीने फळी बांधून पाहिली, ती एकीकडे लोंबू लागली. तेव्हा सात वर्षांच्या दादाने मला ढकलत ढकलत टेबलापाशी नेले आणि तो ओरडला, "अरे, ही तर टेबलाला बरोब्बर लागते!"

आईने वर पाहिले. "मामा म्हणाले होते रे," ती हळूच म्हणाली. "म्हणाले होते मला."

त्या दिवशी कोणाच्याच अंगात त्राण नव्हते. बाबांनी भात, उकडलेले मटार आणि गाजराचे तुकडे टेबलावर मांडले आणि सगळे एकत्र जेवायला बसले. ढब्बूपुढे कोणी काही ठेवलेच नाही. बाबा बसमधल्या गमती सांगू लागले. एक मुलगा म्हणे रोज स्वतःचा डबा बसमध्येच विसरतो आणि शाळेत दुसऱ्यांचे डबे फस्त करतो.

दादाच्या ताटातून एक मटार घरंगळत ढब्बूपुढे आला. तिने तो चिमटीत धरला, दाबला, त्याचे साल निघालेले पाहून तिला हसू आले. मग तिने तो तोंडात टाकला. आई काहीतरी बोलणार, तोच बाबांनी टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला. मी ते पाहिले. ढब्बूने हात लांब करून दादाच्या ताटातला दुसरा मटार घेतला. मग तिसरा.

"आई, ही माझे मटार खातेय!"

"खाऊ दे रे," आई म्हणाली.

"अगं पण संपवेल ती!"

"मग माझे घे. सगळे घे."

ढब्बूने अकरा मटार आणि गाजराचा अर्धा तुकडा खाल्ला, मग तोंड मिटले आणि खाली उतरायला हात पसरले. आईचा हात चमच्याकडे गेला होता, पण तिने तो मागे घेतला आणि लेकीला उतरवले. नंतर ती स्वतःच्या ताटाशी बसली. भात अजून गरम होता. तो खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ती हसतही होती.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवसापासून ढब्बू ताट चाटून पुसून खाऊ लागली. छे! दुसऱ्या दिवशी तिने फक्त केळे खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी भात माझ्या पाठीला फासला. आईचा हात कितीदा तरी चमच्याकडे जाई आणि बाबा टेबलाखालून आपले काम चोख करत. दोन महिन्यांनी वजन झाले. चारशे ग्रॅम वाढले होते. आई घरात शिरली ती थेट फ्रिजपाशी गेली, तो कागद काढला आणि दादाला विमान करायला देऊन टाकला.

ढब्बू आता पाच वर्षांची आहे. ती मोठ्या खुर्चीवर मांडी घालून जेवते, म्हणून गेल्या रविवारी मला खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे देण्यात आले. त्यांचे बाळ वर्षाचे झाले आहे. बाबा मला उचलून जिना उतरले आणि ढब्बू मागून सूचना देत आली. काकूंनी लगेच मला टेबलाला लावले, बाळाला माझ्यात बसवले आणि ताटात भात कालवला. पहिला घास गेला. दुसऱ्याला बाळाने मान फिरवली.

"एकच रे राजा, एकच," काकू चमचा घेऊन त्याच्या तोंडामागे फिरू लागल्या.

ढब्बू माझ्या दांडीला धरून उभी होती. ती म्हणाली, "काकू, त्याने तोंड मिटलंय."

"अगं, पण काही खाल्लंच नाही गं त्याने!"

"मग तुम्ही जेवा ना. त्याला बघू दे."

काकूंनी तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला. बाळाने मान वळवली. तो काकूंच्या हलणाऱ्या तोंडाकडे टक लावून बघू लागला.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. वर्षातून एकदा माझे स्क्रू आवळा, भिंतीकडे तोंड करून मला ठेवू नका, आणि माझ्यावर बसलेल्या बाळापुढे चमचा धरून उभे राहू नका. त्याच्या शेजारी आपले ताट घेऊन बसा. आणि हो, त्या रविवारी काकू घास चावत होत्या तेवढ्यात बाळाने हात लांब केला आणि काकूंच्या ताटातला भात मुठीत धरला.