शेवटचा बाण

सिद्धांताधारित मूल्यमापन असं त्या कामाचं नाव. ऐकूनच धडकी भरावी! पण आत आहे काय, तर साधी चौकशी. एखाद्या मागे पडलेल्या भागासाठी योजना आखतात तेव्हा कुणीतरी मनाशी धरलेलं असतं की अमुक केलं की तमुक होईल, आणि तमुक झालं की ढमुक. त्या प्रत्येक ‘की’पाशी थांबायचं आणि विचारायचं, खरंच झालं का? आणि झालं ते ह्यामुळेच, की दुसऱ्याच कशामुळे? तपासनीसबाईंचा सारा जन्म ह्या चौकशीत गेला होता.

ही विद्या त्यांना दिली त्यांच्या गुरूंनी, सरांनी. आणि आता सरांचीच, त्यांच्या गावातली योजना तपासायची वेळ त्यांच्यावर आली होती. सर गेले त्याला दुसरं वर्ष सरत आलं होतं. बाईंनी चांगला शेरा दिला की हीच योजना शेजारच्या सगळ्या भागांत जशीच्या तशी उभी राहणार होती, नाही दिला तर इथल्या प्रशिक्षण केंद्रालाही कुलूप. “जवळच्या माणसाचं काम मी तपासू नये,” असं त्यांनी वरिष्ठांना सांगून पाहिलं. “अहो, माणूसच राहिला नाही, आता कसलं जवळ?” असं म्हणून वरिष्ठांनी विषय मिटवून टाकला.

उतरल्या त्या सरांच्याच घरी. दुसरीकडे कुठे राहायचं म्हटलं तर वहिनी, सरांच्या पत्नी, थोड्याच ऐकणार होत्या!

प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवर सरांनी योजना स्वतः रंगवली होती. चौकट, बाण, चौकट, बाण. रस्ता झाला की केंद्र चालेल, केंद्र चाललं की कारखान्यांच्या शेड भरतील, शेड भरल्या की परागंदा झालेली माणसं घरी परततील. बाईंनी एकेक बाण धरून गाव पायाखाली घातलं. रस्ता झकास होता. केंद्रात लोक शिकत होते. माणसं तर खरोखरच परतली होती, घरोघरी दारं उघडी दिसत होती. बाईंना हायसं वाटलं. सर, तुम्ही जिंकलात की, असं त्या मनातल्या मनात म्हणाल्यासुद्धा.

पण शेडमध्ये पाऊल टाकलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. निम्म्याहून जास्त यंत्रांवर कापडं घातलेली होती. माणसं मात्र जागच्या जागी बसलेली. कुणी गप्पा मारत नव्हतं, कुणी हसत नव्हतं.

“कामासाठी आलात ना परत?” त्यांनी एका वेल्डरला विचारलं.

“काम?” वेल्डर म्हणाला. “तिकडे मला काम पुरून उरत होतं, बाई. इथे बसून माश्या मारतोय.”

“मग आलात कशाला?”

“सरांचा फोन आला. घरी ये म्हणाले.”

“कधी?”

“ह्या उन्हाळ्यात.”

“अहो, सर त्याच्या आधीच...”

“ठाऊक आहे की! मयताला आलो होतो मी.” वेल्डरने नजर दुसरीकडे वळवली. “पण फोनवर नाव त्यांचंच होतं. त्यांना नाही कसं म्हणायचं?”

पलीकडच्या शेडमध्ये शिवणयंत्रावर बसलेल्या बाईचं उत्तरही तेच. “फोनवर फारसं बोलणं होत नाही हो. थोडा वेळ नुसता श्वास. मग म्हणतात, वाट बघतोय, ये.”

“आवाज बाईचा की पुरुषाचा?”

“ते कोण बघत बसतं?” ती जरा चिडलीच. “सगळ्यांना येतो. यायचा बंद झाला की आम्ही जायला मोकळे.”

भर दुपारी, लखलखीत उन्हात, बाईंच्या अंगावर काटा आला. त्यांना खरोखर भीती वाटली. अख्खं गाव एका गेलेल्या माणसाच्या शब्दाखातर अडकून बसलं होतं. त्या भराभर चालत घरी आल्या.

वहिनी स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं. वहिनींचे हात क्षणभर थांबले.

“मीच करते,” त्या म्हणाल्या. “त्यांच्याच फोनवरून. ते गेले आणि लोक पांगायला लागले. तो शेवटचा बाण उभा करता करता त्यांनी जीव टाकला गं. तो माझ्या डोळ्यांदेखत पडू देऊ?”

“वहिनी, चालतं काम सोडून आलीत ती माणसं.”

“आपल्या घरीच आलीत ना?”

“आणि शेजारच्या भागांत काय होईल? तिथेही हेच रस्ते बांधतील, ह्याच शेड बांधतील आणि वाट बघत बसतील. तिथे कोण करणार फोन?”

वहिनींनी कणीक झाकून ठेवली. हात धुतले, पुसले. “लिहिणार तू हे?”

“लिहावं लागेल.”

वहिनी आत निघून गेल्या. दार लागल्याचा आवाज आला. बाई खुर्चीत बसल्या न बसल्या तोच त्यांचा फोन वाजला. त्यावर नाव होतं, सर.

फोन भिंतीपलीकडून येतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्या ताडकन उठून उभ्या राहिल्या. आणि खरं सांगायचं तर आधी त्यांना आनंद झाला, वेड्यासारखा आनंद. आहेत, सर आहेत!

त्यांनी फोन कानाला लावला. थोडा वेळ नुसता श्वास. मग हलक्या आवाजात, “माझा बाण राहू दे.”

आवाज बाईचा की पुरुषाचा, हे बाईंनीही ओळखू पाहिलं नाही. जिभेवर ‘हो सर’ आलंच होतं. गावातली सगळी माणसं हेच म्हणून सामान बांधून निघाली असणार, हे त्यांना आता कुणी सांगायची गरज नव्हती.

“नाही, सर,” त्या म्हणाल्या. “कामासाठी कुणीच आलं नाही. सगळे तुमच्यासाठी आले. मी तसंच लिहिणार.”

मग भिंतीतून आणि फोनमधून एकदमच हुंदका ऐकू आला.

“सगळ्यांना आला गं त्यांचा फोन,” वहिनी म्हणाल्या. “मलाच कुणी केला नाही.”

बाई फोन कानाशी धरून तशाच उभ्या राहिल्या. तो बंद करायला दोघींपैकी कुणाचाच हात धजेना.