भिंतीचा घास

मित्रांनो, काळी आहे म्हणून मला नाक मुरडू नका. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. डोंगरकडा गावच्या लोहारानं मला ठोकून ठोकून घडवलं, तेव्हापासून कुणाचे टोमणे मी मनाला लावून घेत नाही. लक्ष्मीबाईनं मला या घरात आणलं. सुगीतल्या मजुरांची भाजी मी एकटीनं शिजवली. मग ते चकचकीत ॲल्युमिनियम आलं, ज्याला पळी लागली तरी पोचा पडतो. मला मागच्या मातीच्या भिंतीला टांगलं. पलीकडे रूपाबाईचं घर; भिंत दोघींची सामाईक. टांगलेल्याला ऐकायचंच काम.

यंदा दिवेलागणीला माझ्या शेजारी आवाज येऊ लागला. खर्र, खर्र. उंदीर नव्हे, उंदीर मी ओळखते. भिंतीत खळगा पडला. आधी बोटाएवढा, मग वाटीएवढा. खाली मात्र मातीचा कण नाही. खळग्याच्या कडा ओल्या असत.

घरात काहीतरी शिरलंय, असं लक्ष्मीबाई म्हणाली. तिचा लेक देविदास चौथीतच शाळेतून पळालेला. आईचा शब्द त्याला कायदा. त्यानं खळग्यावर लिंबू-मिरची टांगली. खळगा आणखी खोल गेला. त्यातच त्याची नववीतली लेक पल्लवी पांढरी पडत चालली. घागर उचलली की धापा टाकायची. बाहेरचं तिलाच लागलं, असं ठरलं. उतारा टाकायचा, तोवर तिनं उपास धरायचा. आधीच त्या घरात बाप्ये जेवल्यावर पोरी बसत. भाजीच्या नावानं तिच्या ताटात नुसता रस्सा.

एका संध्याकाळी आवाज आला, तशी सून निलम दबकत मागं आली. पल्लवी भिंतीला तोंड लावून उभी होती. ओठांवर माती.

"आई, मला राहवत न्हाई," एवढंच ती बोलली.

निलम बारावी शिकलेली. लग्नापासून तिचं शिक्षण माझ्यासारखंच टांगलेलं. तिनं लेकीची पापणी खाली ओढून पाहिली. तेवढ्यात सासू उताऱ्याचं लिंबू घेऊन आली. निलमनं तिचा हात धरला.

"आत्याबाई, भूत न्हाई हे. पोरीचं रगत कमी झालंय."

"मीबी माती खात होते. मेले काय?"

"तुमी न्हाई. तुमची तीन लेकरं पोटातच गेली."

लक्ष्मीबाईची जीभ म्हणजे कात्री. पण त्या दिवशी तिनं हातातलं लिंबू ठेवलं आणि स्वतःच मला खाली काढलं. माझ्या पाठीमागं, लिंपून बुजवलेला, एक जुना खळगा होता. तो झाकायलाच मला तिथं टांगलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

पल्लवीला दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, गोळ्या सुरू झाल्या. माझ्यात तांदुळजा, हरभऱ्याची भाजी शिजू लागली. पोरगी पहिल्या पंगतीला बसली. तिच्यावरून उतरायचं लिंबू भाजीवर उतरलं. देविदास नुसता बघून राहिला, बघू द्या.

मित्रांनो, घरातलं लोखंड आणि घरातल्या बाईचं शिक्षण खुंटीला टांगू नका, दोन्ही गंजतात. पोरीचं ताट आधी वाढा. आणि दिवेलागणीला आपल्या भिंतीला जरा कान लावा.

आमचा खळगा आता लिंपलाय. अलीकडून कुणी भिंतीला हात लावत नाही. पण रूपाबाईलाही वयात आलेली लेक आहे, आणि कालपासून पलीकडून आवाज येऊन राहिलाय.

खर्र. खर्र.