स्प्रिंगचे मौन

इक्वेडोरमधल्या त्या ज्वालामुखीला पायथ्याची माणसे आई म्हणत. आई निजली आहे की कूस बदलते आहे, हे ओळखणे झोइलाचे काम. समोरच्या टेकडीवरील चौकीत तिचे यंत्र होते: स्प्रिंगला टांगलेले वजन, आणि त्याच्या हालचालीनुसार कागदावर रेघ ओढणारा काटा. परंतु स्प्रिंगला एक खोड होती. रस्त्याने दुधाचा ट्रक गेला, तरी तिची वेटोळी आपल्याच सुरात थरथरत राहत. त्या थरथरीला आईची हाक समजून झोइलाने दोनदा गाव रिकामे करवले होते. दोन्ही वेळा माणसे हसत परतली. तिसऱ्यांदा कोणी उठणार नव्हते; आणि तिची धाकटी बहीण लेकरांसह त्याच गावात राहत होती.

तेव्हा ही थरथर जिरावी म्हणून तिने स्प्रिंगला रबराचा लेप दिला. अंगावर घ्यायच्या पोंचोवर रबराचे थर जितके अधिक तितका पाऊस बाहेर, हे त्या मुलखातले बाळकडू. त्याच हाताने तिने थरावर थर चढवले. वेटोळी एकमेकांस चिकटली, यंत्र बहिरे झाले. मग सगळे खरवडून तिने पिसाने एकच पातळ लेप दिला, वेटोळ्याला वेटोळे न शिवेल असा.

आज सकाळी तिने रेडिओ उचलला. पलीकडे गावचा राखणदार आब्दोन होता.

"काय गं पोरी, परत पळवतेस का? माझी गाय म्हणते, आता मी नाही येत बाई!"

"आब्दोनकाका, दुधाचा ट्रक गेला ना आत्ता?"

"गेला की. म्हणूनच नाचला असेल तुझा काटा."

"नाही नाचला. ट्रक गेला तेव्हा गप्प होता. आता रस्ता रिकामा आहे, आणि तो हलतोय."



काटा संथ, रुंद रेघ ओढत होता. चढे, क्षणभर थांबे, उतरे. इतकी वर्षे स्प्रिंगच्या कलकलाटाखाली हा श्वास चालूच असला पाहिजे. झोइलाचे हात आपोआप जुळले. एवढा प्रचंड पर्वत, आणि त्याचे उच्छ्वास एका तारेवर येऊन टेकले होते!

"कशी आहे गं आई?" आब्दोनचा आवाज बदलला होता.

"जागी होतेय, काका. माझ्या बहिणीला आधी उठवा."

"गाईलाही सांगतो," तो म्हणाला.

थोड्याच वेळात रेडिओतून देवळाची घंटा घणघणू लागली. चौकी त्या नादाने भरून गेली. काट्याने मात्र तिकडे लक्ष दिले नाही. तो आईचा श्वास तेवढा लिहीत राहिला.