खिडकीची जागा

विमानात कसं बसायचं हे झूराकानला नवऱ्याने स्वयंपाकघरातच शिकवलं होतं. कासिमालीने दोन स्टुलं खिडकीशी जोडून मांडली, खोगिराचा पट्टा आणून तिच्या कमरेला आवळला आणि म्हणाला, "आता सुटून दाखव." सबंध हिवाळा त्याने हाच ध्यास घेतला होता. रशियाहून परतलेला कोणी पोरगा गावात दिसला की त्याला चहाला ओढून आणायचा आणि खोदून खोदून विचारायचा. विमान चढताना पोटात गोळा येतो म्हणे. कानांना दडे बसतात, तेव्हा तोंडात कुरुत धरायचा. वाळवलेल्या दह्याची ती खारट गोळी चघळत राहिलं की कान मोकळे होतात. विमानाच्या दारात उभी असलेली बाई हसून स्वागत करते, पण ती सगळ्यांचंच करते, उगाच हुरळून जायचं नाही. झूराकान कणीक मळता मळता म्हणायची, "जन्मभर घोड्यांमागे हिंडलास म्हाताऱ्या, आता पायलट व्हायचंय का?"

"खिडकी मात्र माझी," तो बजावायचा. "तू येताना बस."

तिकिटं मुलीने काढली होती. बेगिमाय लग्न करून रशियात येकातेरिनबुर्गला गेली ती तिकडचीच झाली. नात शाळेत जायला लागली, तरी दोघांनी तिला फोनवरच पाहिलेलं. पण बर्फ वितळायच्या आधीच एका सकाळी घोडीला चारा घालता घालता कासिमाली खाली बसला, तो उठलाच नाही. मातीसाठी मुलीला पोचता आलं नाही. चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले, घोडी दिराने नेली. बेगिमाय फोनवर एवढंच म्हणाली, "आई, तू तरी ये."

नारीनहून निघालेल्या गाडीने ती बिश्केकला पोचली. विमानतळावर तपासणीत तिच्या पिशवीतली सायीची बरणी काढून घेतली. असं घट्टपातळ काही हातातल्या सामानात चालत नाही, असं तिथल्या मुलीने समजावलं. हे कासिमालीला कोणी सांगितलं नव्हतं. झूराकानने वाद घातला नाही. "टाकू नकोस हो, घरच्या गाईची आहे," एवढं म्हणून ती पुढे झाली.

विमानात ती मधल्या जागेवर बसली. खिडकीची जागा तिने रिकामी ठेवली. कडेला एक तरुण येऊन बसला. मिर्लान त्याचं नाव, बांधकामावर निघालेला. दारं लागली तसा तो म्हणाला, "आपा, खिडकीशी सरका की. दोघांनाही ऐसपैस होईल."

"ती माझ्या माणसाची जागा आहे."

"येतायत का ते?"

"नाही."

मिर्लानने तिथे टाकायला आपला कोट उचलला होता, तो त्याने मांडीवरच ठेवला.

पट्टा तिने एकटीने लावला. विमान पळायला लागलं, सगळं अंग खुर्चीत दाबलं गेलं, आणि तिचा हात आपसूक खिडकीच्या बाजूला गेला. रिकाम्या खुर्चीचं थंड कापड तिने मुठीत धरलं. पोटात गोळा आला. कानांना दडे बसले. त्याने सांगितलेलं सगळं ओळीने होत गेलं, आणि दर वेळी तिला कोणाकडे तरी वळून 'खरं होतं म्हाताऱ्या तुझं' म्हणावंसं वाटलं.

कुरुत काढताना तिने एक मिर्लानलाही दिला. तो चघळत चघळत बोलायला लागला. मग तिनेही कासिमालीचं सांगितलं: ती स्टुलं, तो पट्टा, आल्यागेल्याला विचारणं. सांगताना तिला थोडं हसू आलं.

मिर्लान हसला नाही. "फार घाबरले असणार ते," तो म्हणाला. "मीपण पहिल्या खेपेला असंच विचारत सुटलो होतो. ज्याला भीती नसते तो नुसता येऊन बसतो."

कासिमाली म्हणजे लांडग्यांच्या मागे एकटा जाणारा माणूस. त्याला कशाची तरी भीती वाटते हे चाळीस वर्षांत झूराकानला कधी दिसलं नव्हतं. मग तिला आठवलं, पट्टा त्याने आधी स्वतःला बांधून पाहिला होता आणि बराच वेळ सोडला नव्हता. ती मात्र कणीक मळत राहिली होती.

बऱ्याच वेळाने ती उठली आणि खिडकीशी जाऊन बसली. खाली डोंगर नव्हतेच. तपकिरी माळ, त्यावर बर्फाचे विरळ ठिपके, घर नाही की मेंढरू नाही. इतकी सपाट जमीन तिने आयुष्यात पाहिली नव्हती. मिर्लान झोपला होता. ती बघत राहिली, खाली ढग येऊन सगळं झाकलं जाईपर्यंत.

उतरल्यावर बाहेरच्या गर्दीत बेगिमाय दिसली. आईला पाहून ती धावली, पण मिठी मारण्याआधी तिची नजर क्षणभर आईच्या खांद्यामागे गेली. नुसती सवयीने. मग दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

टॅक्सीत नात मध्ये बसली. तिने रशियनमध्ये काहीतरी विचारलं.

"आजीला विमानात भीती वाटली का, विचारतेय," बेगिमाय म्हणाली.

"सांग तिला, तुझ्या आजोबांना वाटली असती."

बेगिमायने ते लेकीला सांगितलं नाही. ती काचेबाहेर बघत राहिली, आणि पोरीने दोनदा विचारून शेवटी विचारायचं सोडून दिलं.